सर्दीच्या मागून येणारा पाहुणा

मैत्रिणींनो, पावसाळा लागला की आपल्या घरात दोन गोष्टी न चुकता येतात. भिंतींना ओल आणि माणसांना सर्दी. धाकट्याच्या नाकाला धार लागते, ती थांबते न थांबते तोच थोरलीला खोकला सुरू होतो, मग ‘ह्यां’चं अंग मोडून येतं, आणि सगळ्यांचं करून झाल्यावर शेवटी आपला नंबर! मी दुपारच्या शाळेत अर्धा वेळ शिकवते. जुलै महिन्यात वर्गात हजेरी घेताना ‘गैरहजर’ लिहून लिहून हात दुखतो. आणि जी मुलं येतात, त्यांतलं एखादं कंपासपेटी उघडून दाखवतं, “बाई, आईनं मधल्या सुट्टीत ही गोळी घ्यायला सांगितलीय.” पाहावं तर कागदाच्या चिटोऱ्यात गुंडाळलेली एक गोळी. कशाची, कुणी दिलेली, कुणाच्या उरलेल्या औषधातली, काही पत्ता नाही.

ही गोळी कुठून येते ते तुम्हांलाही ठाऊक आहे. प्रत्येकीच्या फडताळात एक डबा असतो. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा म्हणा, नाहीतर मिठाईचा. त्यात डोकेदुखीच्या गोळ्या, मलम, तुटलेला थर्मामीटर, आणि त्यांच्याबरोबर मागच्या आजारातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. पाचांपैकी तीन खाल्ल्या, बरं वाटलं, दोन राहिल्या. फेकून द्यायला जीव होत नाही. “असू दे, पुढच्या वेळी उपयोगी पडतील.” काटकसर आपल्या हाडीमांसी खिळलेली. पण उरलेल्या पोळीचा चिवडा करणं वेगळं आणि उरलेल्या अँटिबायोटिकचा दुसऱ्या तापाला वापर करणं वेगळं. मी काही डॉक्टर नाही, इतिहास घेऊन बी.ए. झालेली बाई. पण आमच्या घरावर जे गुदरलं, त्यानंतर विचारून, वाचून, समजून घेतलं ते तुमच्यापुढे मांडते आहे.

आधी दोन शब्दांतला फरक. विषाणू आणि जिवाणू. ऐकायला सख्खे भाऊ वाटतात, पण कुळं अगदी वेगळी. सर्दी, फ्लू, कोविड, हे सगळे विषाणूंचे आजार. विषाणू इतका क्षुद्र की त्याला स्वतःचं घरही नाही. तो आपल्या शरीरातल्या पेशीत शिरतो आणि तिथल्याच सामानावर आपली पिलावळ वाढवतो. जिवाणूचं तसं नाही. त्याचा स्वतंत्र संसार असतो, स्वतःभोवती भिंत असते, स्वतःचं स्वयंपाकघर असतं. अँटिबायोटिक, शास्त्रीय मराठीत प्रतिजैविक, हे औषध जिवाणूच्या या संसारावरच घाव घालतं. पेनिसिलीन त्याची भिंत बांधू देत नाही, दुसरं एखादं औषध त्याचं स्वयंपाकघर बंद पाडतं. विषाणूला मुळी भिंतच नाही, स्वयंपाकघरही नाही, मग हे औषध त्याचं काय वाकडं करणार? म्हणून साध्या सर्दीला अँटिबायोटिक म्हणजे ढेकूण झाले म्हणून उंदराचा पिंजरा लावण्यासारखं.

तुम्ही म्हणाल, मग फ्लूनं माणसं न्यूमोनिया होऊन दगावतात, त्यांना अँटिबायोटिकची सुई का देतात? अगदी रास्त प्रश्न. इथंच तो मागून येणारा पाहुणा भेटतो.

आपल्या श्वासनलिकेला आतून बारीक लव असते. ती सारखी हलत असते आणि आत गेलेली धूळ, जंतू, कफ वर वर ढकलत असते. घरातल्या झाडूवालीसारखंच तिचं काम, अष्टौप्रहर. फ्लूचा विषाणू नेमका याच अस्तरावर हल्ला करतो. लव झडते, अस्तर सोलवटतं, कफ साचतो, आणि शरीराचे पहारेकरी विषाणूशी लढण्यात गुंततात. आपल्या नाकाघशात एरवीही काही जिवाणू राहत असतात, निमूटपणे, ओसरीवर बसलेल्या बिऱ्हाडकरूसारखे. झाडलोट बंद, दार उघडं, पहारा नाही, असं पाहिल्यावर त्यांतलाच एखादा छातीत उतरतो. हा झाला जिवाणूंचा न्यूमोनिया. एकावर एक दुसरा आजार. दरवेळी असं होत नाही. बहुतेकांचा फ्लू आपला आपण बरा होतो. पण म्हातारी माणसं, तान्ही मुलं, गरोदर बायका, मधुमेह किंवा दम्याची माणसं यांच्या बाबतीत हा पाहुणा जास्त वेळा येतो.

आपल्या आजीपणजीनं हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. १९१८ सालची मानमोडी तुमच्यापैकी कुणी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकली असेल. जून महिन्यात ती मुंबई बंदरात उतरली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या लाटेनं खेडीच्या खेडी ओस पाडली. हिंदुस्थानात त्या साथीत एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसं गेली असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, आणि असं झालेलं ते एकमेव दशक. इतिहासाच्या पुस्तकात आम्ही ते एका ओळीत शिकलो. पुष्कळ वर्षांनी, २००८ साली, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्या साथीत मेलेल्या ५८ सैनिकांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे पुन्हा तपासले. जवळजवळ प्रत्येकात जिवाणूंच्या न्यूमोनियाच्या खुणा सापडल्या. म्हणजे दार फ्लूनं फोडलं, पण पुष्कळ घरं लुटली ती मागून आलेल्या जिवाणूंनी. आणि तेव्हा त्यांच्यावर औषधच नव्हतं.

ते औषध मिळालं १९२८ साली. लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जिवाणूंच्या बशीत पडलेल्या बुरशीत पेनिसिलीन सापडलं. आपल्या पिंपरीला १९५४ साली सरकारनं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा केला तो याच पेनिसिलीनसाठी. बाळंतपणातल्या तापानं जाणाऱ्या किती लेकी या औषधानं वाचल्या असतील, त्याची मोजदाद नाही. अँटिबायोटिकला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवते. ते इतकं मोलाचं आहे म्हणूनच जपायचं.

फ्लेमिंगना १९४५ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्या वेळच्या भाषणात त्यांनी एका नवरा-बायकोची गोष्ट सांगितली होती. नवऱ्याचा घसा दुखतो. तो आपल्या मनानं पेनिसिलीन विकत आणतो आणि थोडंसं घेतो. जंतू मरण्याइतकं नाही, पण औषधाची ओळख होऊन तरबेज होण्याइतकं. मग त्याच्याकडून बायकोला लागण होते. तिला न्यूमोनिया होतो, तिला पेनिसिलीन देतात, पण जंतू आता त्या औषधाला जुमानत नाहीत. बायको मरते. फ्लेमिंग विचारतात, तिच्या मृत्यूला जबाबदार कोण? मैत्रिणींनो, औषध शोधणाऱ्यानंच, ते बाजारात नवं असताना दिलेला हा इशारा. मी तो वाचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण तोवर तशीच गोष्ट मी आमच्या घरात पाहिली होती.

२०२३ चा मार्च. त्या वर्षी एच-थ्री-एन-टू नावाच्या फ्लूची साथ होती, आठवत असेल. माझ्या सासूबाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या, मधुमेहाच्या. त्यांना ताप भरला, अंग ठणकायला लागलं. मी म्हटलं, “मामंजी, डॉक्टरांना दाखवू या, आईंना साखर आहे.” मामंजी पोस्टातून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. ते म्हणाले, “एवढ्याशा तापाला तीनशे रुपये फी? दरवर्षीचंच आहे हे.” आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून, चिठ्ठी नाही काही नाही, तीन गोळ्यांचं पाकीट घेऊन आले. घरचं वडील माणूस, त्यांच्यापुढे सुनेनं किती बोलायचं याला मर्यादा असते, ते तुम्हांला निराळं सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, “बघ, झालं की नाही काम?” आता गंमत अशी, की या फ्लूचा ताप आपणहूनच तीन दिवसांत उतरतो. इंडियन मेडिकल असोसिएशननं त्याच महिन्यात डॉक्टरांना तेच कळवलं होतं. ताप तीन दिवस, खोकला तीन आठवड्यांपर्यंत, आणि अँटिबायोटिक देऊ नका म्हणून. पण ताप स्वतःहून गेला तरी श्रेय गोळीच्या पदरात पडतं. आपला विश्वास बसतो तो असाच.

सहाव्या दिवशी संध्याकाळी सासूबाई देवापुढे वाती वळत बसल्या होत्या. काहीतरी सांगत होत्या आणि वाक्याच्या मध्येच थांबल्या, श्वास घेतला, मग पुढचे दोन शब्द. पुन्हा थांबल्या. मी हात लावला तर अंग चटका बसेल असं तापलेलं. मग हुडहुडी भरली. रात्री रिक्षा करून दवाखान्यात नेलं. फोटोत उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढरा डाग. न्यूमोनिया. दाखल करून घेतलं, सुया सुरू झाल्या.

तिथं डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला. “गेल्या सहा महिन्यांत यांना कोणकोणत्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्यात?” मामंजी म्हणाले, “दिवाळीनंतर एक पांढरी, लांबट. मग संक्रांतीला लाल-पिवळी कॅप्सूल. आणि आता ही.” नाव एकाचंही आठवेना. ज्या माणसाच्या हिशेबात चाळीस वर्षांत एका पैशाची चूक निघाली नाही, तो माणूस तिथं मान खाली घालून उभा होता. मला फार वाईट वाटलं.

दोन दिवस गेले, तीन गेले, ताप हलेना. मग कफाच्या कल्चरचा रिपोर्ट आला. हे कल्चर म्हणजे काय ते मला तिथल्या लॅबमधल्या ताईंनी समजावून सांगितलं. रुग्णाच्या कफातले जंतू एका बशीत, खिरीसारख्या थिजलेल्या थरावर वाढवतात. त्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या लहान लहान चकत्या ठेवतात, टिकलीएवढ्या. दुसऱ्या दिवशी पाहायचं. ज्या चकतीभोवती स्वच्छ गोल कडं दिसतं, तिथं जंतू मेले, ते औषध लागू. आणि जिच्याभोवती जंतू अगदी चकतीला चिकटून वाढलेत, ते औषध वाया. सासूबाईंच्या रिपोर्टवर औषधांच्या नावांची लांबलचक यादी होती आणि पुढे इंग्रजी अक्षरं, ‘एस’ म्हणजे लागू, ‘आर’ म्हणजे जुमानत नाही. मी बोट ठेवून वाचत गेले. आर, आर, आर, एस, आर, आर... तळाशी दोन-तीन ‘एस’ होते. घरात नेहमी येणाऱ्या गोळ्यांपुढे सगळीकडे ‘आर’.

सुई बदलली. पाचव्या दिवशी ताप उतरला. अकरा दिवस दवाखान्यात काढले, मुदत ठेव मोडली. सासूबाई घरी आल्या हे देवाचं देणं. पण ज्या बाई दर उन्हाळ्यात गच्चीवर पाच शेर पापड वाळवायच्या, त्या आता जिन्याच्या मधल्या पायरीवर टेकतात. मी डॉक्टरांना स्पष्टच विचारलं, त्या गोळ्यांमुळे असं झालं का? त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं. म्हणाले, हा विशिष्ट जंतू कुठून आला ते बोट दाखवून सांगता येणार नाही. पण जो माणूस वरचेवर अँटिबायोटिक घेतो, त्याच्या शरीरात निर्ढावलेले जंतू असण्याचा संभव जास्त, आणि एका घरातल्या माणसांत ते एकमेकांकडे जाऊही शकतात.

हे निर्ढावणं होतं कसं? पुष्कळजणींना वाटतं की आपल्या शरीराला औषधाची सवय होते. तसं नव्हे, सवय जंतूंना होते. आपल्या पोटात, घशात, कातडीवर कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांत एखाददुसरा मुळातच चिवट निघतो. औषध घेतलं की साधे मरतात, चिवट उरतो, आणि मोकळ्या मैदानावर त्याचीच प्रजा वाढते. काही जिवाणू तर चांगलं खाणंपिणं मिळालं की वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. शिवाय आणखी एक खोड. परीक्षेच्या वेळी माझ्या वर्गातली मुलं बाकाखालून चिठ्ठी पुढे सरकवतात ना, तसे हे जंतूही औषधाला चुकवण्याची युक्ती एकमेकांना देतात. शेजारच्याच नव्हे, दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा! म्हणून सर्दीला घेतलेली अँटिबायोटिक सर्दीच्या विषाणूचं काही करत नाही, पण पोटातल्या गरीब जिवाणूंची कत्तल करून चिवटांना राज्य देते. नंतर कधीतरी खरा न्यूमोनिया झाला, खरं लघवीचं दुखणं झालं, की तेव्हा गोळी लागू पडत नाही.

चांगल्या जिवाणूंचं म्हणाल तर त्यांची ओळख आपल्याइतकी कुणाला असणार? आपलं विरजण म्हणजे जिवाणूच. गाईम्हशीला अँटिबायोटिक टोचलं आणि ते दुधात उतरलं, तर त्या दुधाचं दही नीट लागत नाही. विरजणातले जिवाणू मरतात. दूध डेअरीतले लोक हे चांगलं जाणतात. आता विचार करा, पोटातल्या विरजणाचं काय होत असेल? गोळ्या चालू असताना मुलांना जुलाब होतात, ते पुष्कळदा यामुळेच.

कोविडच्या दिवसांत तर या गोळ्या चण्याफुटाण्यांसारख्या वाटल्या गेल्या. फोनवरून एकमेकींना याद्या पाठवल्या जात होत्या, त्यात अझिथ्रोमायसिनचं नाव हटकून असायचं. पुढे २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचण्यांत दिसलं, की कोविडमध्ये सरसकट अझिथ्रोमायसिन देऊन रुग्णांना फायदा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये आकडे जाहीर केले. कोविडसाठी रुग्णालयात दाखल झालेल्या शंभर रुग्णांतल्या फक्त आठांना अँटिबायोटिकची गरज पडेल असा जिवाणूसंसर्ग होता, आणि अँटिबायोटिक दिली गेली ती शंभरातल्या पंचाहत्तरांना!

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहा. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं २०२० मध्ये दहा रुग्णालयांतल्या १७,५३४ कोविड रुग्णांची पाहणी केली. हा ‘मागून येणारा पाहुणा’ शंभरातल्या चारांकडेसुद्धा आला नव्हता. पण ज्यांच्याकडे आला, त्यांतले निम्म्याहून अधिक दगावले. एकूण रुग्णांत हेच प्रमाण शंभरात साधारण अकरा होतं. आणि त्यांना गाठलेले जंतू पुष्कळदा निर्ढावलेलेच होते. म्हणजे पाहुणा क्वचित येतो, पण येतो तो जीवावर उठून. त्या वेळी हातात धारेचं शस्त्र हवं. रोज भाजी चिरायला वापरून ते बोथट केलं, तर ऐन वेळी काय करायचं? निर्ढावलेल्या जिवाणूंनी २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसांचा थेट बळी घेतला, असा अभ्यासकांचा हिशेब आहे.

मी हे सगळं शेजारच्या वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अगं, तुला बोलायला सोपं आहे. डॉक्टरची फी, रिक्षा, दोन तास रांग, ह्यांचा खाडा. त्यापेक्षा साठ रुपयांची गोळी परवडते.” त्यांचं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पगार पंचवीस तारखेलाच संपणाऱ्या घरात हे हिशेब करावेच लागतात. पण मग हिशेब पुरता करू या. सर्दीला ती साठ रुपयांचीही गोळी नको, हा पहिला नफा. आणि जिथं डॉक्टर हवाच, तिथं दोन दिवस आधी गेलो तर पुढचे अकरा दिवस वाचतात, हा दुसरा.

डॉक्टरांनाही आपण कमी छळत नाही हं! “नुसती तापाची गोळी दिली? चांगली स्ट्राँग द्या ना, उद्या मुलाची परीक्षा आहे.” औषध कमी लिहिणारा डॉक्टर आपल्याला कच्चा वाटतो. पुढच्या वेळी आपण दुसरीकडे जातो, आणि तिथं चिठ्ठी भरून औषधं मिळाली की खूश होतो. त्याऐवजी तीन साधे प्रश्न विचारावेत. हा ताप विषाणूचा वाटतो का जिवाणूचा? यात अँटिबायोटिक कोणती आणि किती दिवस? काय दिसलं तर परत येऊ? यात उद्धटपणा काही नाही. आमचे डॉक्टर तर म्हणाले, असं विचारणारी बाई आली की माझं निम्मं काम होतं.

आता थोडं घरगुती, वहीत टिपून ठेवण्यासारखं.

साध्या सर्दीखोकल्यात नाकातला शेंबूड तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळा-हिरवा होतो. नुसत्या रंगावरून ‘इन्फेक्शन झालं, गोळी हवी’ असं ठरवू नये, सर्दी उतरतानाही तो तसाच दिसतो. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळला, पण माणूस खातंपितं आहे, ताप नाही, धाप नाही, तर धीर धरावा. गरम पेज, सूप, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, विश्रांती, आणि ताप असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात तापाचं औषध. लहान मुलांना उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफ देऊ नये, भाजल्याची प्रकरणं होतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये.

पण पुढच्या गोष्टी दिसल्या तर घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही. ताप उतरून एक-दोन दिवसांनी पुन्हा भरला, हे पहिलं आणि महत्त्वाचं लक्षण. धाप, छातीत दुखणं, गंजासारखा तांबूस कफ, ओठ निळसर, म्हातारं माणूस एकाएकी गोंधळल्यासारखं बोलू लागणं. लहान मुलांचा श्वास मोजावा. मूल शांत असताना, झोपलेलं असेल तर उत्तमच, पोटछातीची हालचाल पाहत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष पन्नास किंवा अधिक, एक ते पाच वर्षं चाळीस किंवा अधिक श्वास होत असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, किंवा मूल दूध-पाणी घेत नसेल, तर रात्र असो नाहीतर सणाचा दिवस, तसंच उचलून न्यायचं.

अँटिबायोटिक लिहून दिली तर मग मात्र टाळाटाळ नको. सांगितलेल्या वेळेला, सांगितले तितके दिवस. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं थांबवायची नाही, आणि ‘असू दे आणखी दोन दिवस’ म्हणून वाढवायचीही नाही. त्रास झाला तर डॉक्टरांनाच विचारावं. मुलांचं पाणी घालून तयार करायचं पातळ औषध बाटलीवर लिहिलेल्या मुदतीतच चालतं, बहुतेक आठवडाभर. उरलेलं पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवायचं नाही. धाकट्याचं औषध थोरलीला नाही, आपलं शेजारणीला नाही. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते ती पाहा. ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही अशी खूण आहे, २०१६ मध्ये सरकारनं तिची मोहीमही काढली होती. काही ठरावीक अँटिबायोटिकांची तर दुकानदारानं वेगळ्या वहीत नोंद ठेवायची, असा २०१४ पासून नियम आहे.

आणि सगळ्यांत स्वस्त उपाय, मुळात आजारच टाळणं. बाहेरून आलं की साबणानं हात, खोकताना पदर किंवा कोपर तोंडावर, सर्दीचं माणूस बाळापासून दूर. बाळांना न्यूमोकॉकस या जंतूविरुद्धची लस आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, ती चुकवू नका. घरात म्हातारं, मधुमेही माणूस असेल तर दरवर्षीच्या फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. फ्लूच आला नाही, तर त्याच्या मागचा पाहुणा कशाला येतो!

आमच्या घरी आता आजारपणाची एक वही आहे. कल्पना माझी, पण ती चालवतात मामंजी. मी नुसतं एवढंच म्हटलं होतं, “मामंजी, डॉक्टर नावं विचारतात, तुमच्यासारखी नोंद कुणाला जमणार?” त्यांनी दुसऱ्याच दिवशी शंभर पानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले. तारीख, कुणाला, ताप किती, औषधाचं नाव, कुणी दिलं, किती दिवस. डब्यातल्या जुन्या गोळ्यांची पाकिटंही त्यांनीच काढून टाकली. सुनेनं सासऱ्याला शिकवायला जाण्यापेक्षा त्यांच्या हातात त्यांचंच काम दिलेलं बरं, हे मला तेव्हा कळलं. मागच्या पावसाळ्यात नातवाला तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी उतरला. त्या ओळीत औषधाच्या रकान्यात फक्त तापाचं औषध लिहिलेलं आहे, आणि शेरा म्हणून मामंजींच्या वळणदार अक्षरात तीन शब्द, ‘अँटिबायोटिक दिली नाही.’

तुमच्याही घरी एखादी कोरी वही पडलेली असेलच. पावसाळा तोंडावर आहे.